बगळ्याची सायकल

गोठा पाडायला काढला तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, "आण्णा, माळवदाच्या तुळईला आबांची सायकल टांगलेली हाय. भंगारवाला दारात उभा हाय. देऊ का?"

"किती म्हणतोय?" मी विचारलं.

"वजनावर घेणार. वीसेक किलो भरंल म्हणतोय."

"सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. ज्या सायकलवर बसून मी हायस्कूल शिकलो, त्याच्या जोरावर नोकरीला लागलो, तिच्याबद्दल पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा. लगेच परत फोन लावला. "देऊ नको. शनिवारी येतो मी."

शनिवारी गेलो तर सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली. तीसेक वर्षांची धूळ, कोळ्याची जाळी, मडगार्डात चिमण्यांनी कोंबलेल्या काड्या. दोन्ही टायर चाकावरच वाळून तडकलेले. सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, स्प्रिंगा तेवढ्या उघड्या पडलेल्या. रिमांवर गंजाचे फोड. पण हँडलच्या खाली, पुढच्या आखूड नळीवरचा बिल्ला अंगठ्यानं घासला तर खालून बगळ्याची मान वर आली.

आमच्या गावात तिला रॅले कुणीच म्हटलं नाही. बगळ्याची सायकल म्हणत. बिल्ल्यावर बगळा आणि पायडलच्या चेनव्हीलमध्येही पत्रा कापून बगळ्याच्या माना काढलेल्या. आबा पायडल मारायला लागले की ते बगळे गरगर फिरायचे आणि आम्ही पोरं ते बघत फाट्यापर्यंत मागं पळायचो.

आबा मुंबईला गिरणीत होते. माणदेशातली कितीतरी घरं तेव्हा मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालायची. पाऊस नाही, पाणी नाही, कुसळं उगवणारी माळरानं. घरटी एक माणूस परळ-लालबागला ठरलेला. गिरणी चाळीपासून हाकेच्या अंतरावर, तिथं सायकलचं काय काम? आबांनी ती घेतली गावासाठीच. १९५८ साली, जुनी, एकशे दहा रुपयांना. दादरहून पुण्यापर्यंत मोठ्या गाडीनं, पुण्याला गाडी बदलून मीटरगेजनं कोरेगाव स्टेशन. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून आली. कोरेगावात उतरून त्यांनी हवा भरली आणि पुसेगाववरून दहिवडीच्या अंगाला निघाले. पंढरपूरचा तो मोठा रस्ता तरी खडीचा होता. आमच्या फाट्यापासून पुढं गावापर्यंत चार मैल नुसती गाडीवाट. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. शेवटी ओढ्यात वाळू लागली तेव्हा आबांनी सायकल खांद्यावर घेतली. गावात सायकल आली ती अशी, आबांच्या खांद्यावर बसून. ही गोष्ट आजी मरेपर्यंत सांगायची आणि दर वेळी हसायची.

रॅले हे मुळात एका रस्त्याचं नाव. इंग्लंडात नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीटवर एक छोटा सायकलचा कारखाना होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँक बाउडेन नावाच्या पैसेवाल्या गृहस्थानं त्यात पैसा घातला. तब्येत ढासळली म्हणून डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली आणि गडी बरा झाला, असं सांगतात. दिवसही सायकलला चांगले होते. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या स्टार्लेनं दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, मधे चेन, अशी सायकल काढली होती. त्याआधीची सायकल म्हणजे पुढं ताडमाड चाक, मागं बारकं. पडला की माणूस तोंडावरच. मग १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपनं पोराच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला. या दोन गोष्टी जमल्या आणि सायकलचा सांगाडा जो ठरला तो ठरला. आबांची सायकल आणि स्टार्लेची सायकल शेजारी उभी केली तर माझ्या आजीनंसुद्धा या दोघी भावकीतल्या आहेत म्हणून सांगितलं असतं.

पण तिकडं पुढं सायकल हलकी होत गेली. हौसेची, शर्यतीची झाली, गिअर आले. इकडं आपण ती होती तशीच धरून ठेवली, कारण आपल्याला ती बसायला नको होती, वाहायला हवी होती. आबा गिरणी सोडून १९६४ साली कायमचे गावी आले. तेव्हापासून या सायकलनं काय वाहिलं नाही? दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. कॅरिअरवर ज्वारीचं पोतं. दवाखान्यात न्यायचा तापानं फणफणलेला माणूस, मागं एकानं त्याला धरलेलं. मयताचा निरोप. चुलत्याच्या लग्नात लाऊडस्पीकरचा कर्णा. नळीवर एक पोर, कॅरिअरवर आई, आईच्या मांडीवर दुसरं पोर. साताऱ्याला गेलं की मात्र डबल सीट बसायची भीती, पोलीस धरायचा. रात्री दिवा नसला तरी धरायचा. मोठ्या गावांतून नगरपालिका सायकलवर कर घेई आणि पितळी बिल्ला देई. तो बिल्ला दरवर्षी बदलायचा. आमच्या आतेभावानं ते बिल्ले आजवर डब्यात जपून ठेवलेत, चांदीच्या नाण्यांसारखे. आमच्या गावात ना पोलीस ना बिल्ला.

दहिवडीच्या स्टँडजवळ चाचांचं दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली ते लहानपणीच या धंद्यात आले. एके काळी दुकानापुढं भाड्याच्या सायकलींची रांग असायची. तासाचं भाडं, वहीत नाव, ओळख नसली तर घड्याळ काढून ठेवायचं. आता मोटरसायकलींची पंक्चर काढतात. मी टेम्पोतून सायकल उतरवली तसे चाचा हातातलं काम टाकून उठले. बिल्ल्यावर बोट फिरवून म्हणाले, "ही आबांची. हिचं ओव्हरआइलिंग माझ्या बापानं केलंय."

"चालू होईल का?"

"लोखंड हाय, आण्णा. मरतंय व्हय? पण घाई करायची न्हाय."

घाई केली नाही. मी तीन दिवस त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून होतो. निवृत्त माणसाला एवढं सुख पुरतं.

पहिल्या दिवशी नुसतं भिजत घालणं. पूर्वी रॉकेलमध्ये भिजवत. आता रेशनचं रॉकेल गेलं, म्हणून डिझेल. जिथं जिथं नट आणि जिथं जिथं सांधा तिथं डिझेल सोडून चाचा गप्प बसले. मी म्हटलं, पाना लावून बघा की. तर म्हणाले, "गंजलेल्या नटाला आणि रुसलेल्या माणसाला लगीच हात लावायचा न्हाय. तुटतंय."

दुसऱ्या दिवशी क्रँक काढले. क्रँक दांड्याला कॉटर पिनेनं अडकवलेला असतो. लोखंडाची पाचरच ती. हातोडीनं ठोकून बाहेर काढायची. पण नुसती ठोकली तर तो दणका आतल्या छऱ्यांवर बसतो आणि छरे ज्या वाटीत फिरतात त्या वाटीला खड्डे पडतात. चाचांनी क्रँकच्या खाली पाइपचा एक तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवला आणि मग एकच घाव घातला. पिन सुटली. पाइपचा तो तुकडा त्यांच्या वडिलांचा. वरचं तोंड मार खाऊन खाऊन फुलासारखं उमललेलं.

आतून निघालं काळं, घट्ट, मेणासारखं ग्रीस आणि त्यात रुतलेले पाव इंची छरे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. छरे गंजलेले, ते टाकून दिले. डाव्या बाजूच्या वाटीलाही थोडे चट्टे होते. "नवी टाकू, चाळीस रुपयांत मिळंल," म्हणत चाचांनी पुडीतून नवी वाटी काढून बसवायला घेतली. ती एक फेरा गेली, दीड फेरा गेली आणि अडकली. पुसली, तेल लावलं, परत लावली. परत अडकली. जोर केला असता तर सायकलचे आटे गेले असते. चाचांनी जुनी आणि नवी वाटी शेजारी शेजारी धरली, डोळे बारीक केले आणि हसले. "आट्यात फरक हाय."

हा फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला. सगळ्या सायकलवाल्यांनी या वाटीला एका इंचात २४ आटे ठेवले. बी.एस.ए. कंपनीचं ते माप जगभर चाललं, आपल्याकडच्या सायकलींनीही तेच उचललं. नॉटिंगहॅमची रॅले मात्र आपल्या हेक्यानं २६ आटे पाडायची. म्हणजे रॅलेला वाटी रॅलेचीच लागणार. धंद्याची ती युक्ती असेल किंवा नुसता जुना यंत्रांचा हट्ट असेल, पण साठ-सत्तर वर्षांनी दहिवडीच्या स्टँडवर आमचं काम अडलं ते त्या दोन आट्यांनी.

स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडं धावणारी बहुतेक सायकल विलायतेतून येई. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता, पण नाव होतं ते रॅलेचं, बी.एस.ए.चं, हर्क्युलसचं. स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या मालावर बंधनं आली आणि कारखाने इथं उभे राहिले. मद्रासजवळ टी.आय. सायकल्स, बंगालात आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलास, १९५६ साली लुधियान्याला हिरो. पुढं हिरो तर १९८६ साली जगात सगळ्यात जास्त सायकली करणारा कारखाना म्हणून गिनीज बुकात गेला. या कारखान्यांमुळं सायकल साहेबाच्या, मास्तराच्या, तलाठ्याच्या दारातून निघून दूधवाल्याच्या दारात आली. आज नॉटिंगहॅमचा तो कारखाना राहिलेला नाही. अ‍ॅटलासनंही साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद केला, तोही ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "पार्ट मिळत्यात तवर मी हाय."

वाटी जुनीच ठेवली. घासून, पुसून, नवे छरे घालून, ग्रीस भरून बसवली. चट्टे आहेत तिथं किंचित कुरकुरते.

टायरची मला काळजी होती, पण ती फुकट गेली. अठ्ठावीस बाय दीड हे माप आपल्याकडं खेडोपाडी अजून धावतंय, त्यामुळं कुठल्याही दुकानात मिळतं. तारा पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४०. वजन मागं येतं म्हणून मागं जास्त, ही इंग्रजांची जुनी रीत. त्यातल्या नऊ बदलल्या. मग चाचांनी चाक चिमट्यात उलटं फिरवत, खडूचा तुकडा धरून आऊट काढला. खडू जिथं लागेल तिथं चाक त्या बाजूला गेलेलं. त्या बाजूची तार ढिली, समोरची घट्ट. बघायला सोपं वाटतं. मी प्रयत्न केला तर चाकाचा आठचा आकडा झाला. ब्रेक गजाचे. मूठ दाबली की गज ओढले जातात आणि रबर रिमला बाजूनं न लागता आतून, खालून वर लागतं. पावसात ते लागतही नाही. आमच्या लहानपणी उताराला खरा ब्रेक म्हणजे पायातली चप्पल. अनवाणी असलो तर तोही नाही.

रंगाचं चाचांनी विचारलं. काळा मारून नव्यासारखी करू म्हणाले. मी नको म्हटलं. मधल्या नळीवर, सीटच्या पुढं वीतभर जागेत रंग पार जाऊन लोखंड गुळगुळीत झालं होतं. चाचा म्हणाले, "ही हाप पायडलची जागा. पोरगं लहान असतंय, सीटवर पोचत न्हाय. मग नळीतनं पाय घालायचा, उजवा हात वरनं नळीला, नायतर बगलेत सीट. तुम्हीच घासली असंल."

"मीच," म्हणालो. पण मनात आलं, मी हाप पायडल चालवली ती जेमतेम एक उन्हाळा. पुढच्या वर्षी ताडासारखा वाढलो आणि टांग टाकून बसायला लागलो. एका उन्हाळ्यात एवढा रंग जातो?

शेवटी राहिलं चेनव्हील. चाचांनी ते हातानं फिरवलं आणि मला म्हणाले, "आइका." मी ऐकलं आणि पन्नास वर्षं मागं गेलो. खट. एक फेरा झाला की एक खट. चेनव्हील एका जागी वाकलं होतं आणि तेवढी जागा आली की चेन गार्डला घासायची. हायस्कूलची तीन वर्षं मी हा आवाज ऐकला. सकाळी सात मैल खट खट, संध्याकाळी सात मैल खट खट. पाढे म्हणायचो मी त्या तालावर.

"उजव्या अंगाला पडलीया, धोंड्यावर. जोरात," चाचा म्हणाले.

पडली ते साल मला पाठ आहे, कारण त्याबद्दल मी मार खाल्लाय. १९७१ चा उन्हाळा. सकाळी आबा दूध घालायला निघाले तर पायडल वाकडं आणि हा खटका. मी झोपेतून उठतोय तोवर दोन थपडा बसल्या. मी नाही, मी नाही म्हणत राहिलो, पण घरात सायकलला हात लावणारा दुसरा होता कोण? पायडलचा दांडा आबांनी ठोकून सरळ केला. चेनव्हील तसंच राहिलं. चुलतभावांपैकी कुणीतरी असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. एकाशी तर त्यावरून सहा महिने बोललो नव्हतो.

चाचांनी लाकडाच्या ओंडक्यावर चेनव्हील ठेवलं, वर कातड्याचा तुकडा घेतला आणि हलक्या हातानं ठोकून सरळ केलं. सरळ करू का म्हणून त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

इथं आक्काचं सांगायला पाहिजे.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गावातल्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते. १९७० साली ती सातवी झाली, वर्गात पहिली आली. गणितात तर मास्तर फळ्यावर चुकले की ती सांगायची. पुढं हायस्कूल दहिवडीला, सात मैल. मास्तर आबांना भेटायला आले, म्हणाले, पोरगी हुशार आहे, पाठवा. आबा म्हणाले, एवढ्या लांब पोरगी चालत जायची कशी? आक्का दाराआडून म्हणाली, सायकलवर जाईन. आबा रागावले नाहीत. हसले. मास्तरही हसले. मी तिथंच होतो, मीही हसलो असेन. पोरीनं सायकलवर बसायचं ही गोष्ट त्या वेळी हसण्यावारीच जायची. मजा अशी की आमच्या आयाबाया नऊवारी कासोटा घालणाऱ्या. त्या लुगड्यात टांग टाकायला काडीची अडचण नव्हती. अडचण लुगड्याची नव्हतीच.

१९७२ च्या जूनमध्ये मी आठवीला गेलो. मला सायकल मिळाली. दूध आटत चाललं होतं, आबांना ती लागेनाशी झाली होती. त्या साली पाऊस आलाच नाही. आधीची दोन वर्षंही ओढगस्तीचीच होती, पण बहात्तरनं कंबर मोडली. जनावरं मातीमोल गेली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकरी थापता यायची नाही आणि गिळताही यायची नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आमच्या भागाला हे नवं नव्हतं. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव १८७६ च्या दुष्काळातल्या कामातूनच उभा राहिला. बहात्तर साली नालाबंडिंग, पाझर तलाव आणि रस्ते. पुढं ज्याला रोजगार हमी म्हणायला लागलो ती कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगावकडं करून बघितली होती. तिचा कायदा व्हायला १९७७ साल उजाडलं. बायामाणसांना तेव्हा योजनेचं नाव ठाऊक नव्हतं. 'खडीला जाते' म्हणायच्या.

आई आणि आक्का खडीला जायच्या. फाट्यापासून गावापर्यंतचा चार मैलांचा रस्ता, तोच, आबांनी सायकल खांद्यावरून आणलेला. मोठे दगड पुरुषांनी आणून टाकायचे, बायांनी बसून हातोडीनं त्याची खडी करायची. ढीग लावायचे, मुकादम पट्टी लावून ब्रासवर मोजायचा. दुपारी सुकडी मिळायची. मी शाळेतून सायकलवरून येताना त्या रांगेवरून यायचो. डोक्यावर पदर, पदरावर पांढरी धूळ. सगळ्या बाया सारख्याच दिसायच्या. आक्का मला लांबून ओळखायची. खटक्यावरून, असं आता वाटतं. मी जवळ आलो की ती हातोडी थांबवायची आणि विचारायची, "आज गणितात काय झालं?" मी सायकलवरूनच ओरडून सांगायचो. थांबत नव्हतो. मुकादमापुढं, बायांपुढं, खडी फोडणाऱ्या बहिणीशी बोलत उभं राहायची लाज वाटायची. तेरा वर्षांचा होतो, असं म्हणून बघतो. तरी ते काही कमी होत नाही.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पाऊस पडला आणि पुढच्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न ठरलं. सतरावं लागलं होतं. तेव्हा कायद्यानं पंधरा पुरे होते. बोलणी चालली होती तेव्हा मी पाणी द्यायला होतो. नवऱ्यामुलाला काय द्यायचं? घड्याळ आणि सायकल. आबांनी सोसायटीचं कर्ज काढून नवी कोरी अ‍ॅटलास घेतली. हँडलला हार घालून मांडवात उभी केली. आक्का तिच्याकडं कशी बघत होती ते मला आठवत नाही. मी सायकलकडंच बघत होतो, हिरवी होती म्हणून.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीनं हजारो बायकांना सायकल शिकवली. बिहारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. दहिवडीच्या रस्त्याला सकाळी साडेदहाला उभं राहावं, पोरींच्या सायकलींचे थवे जातात. मी त्यांच्यातून माझी रॅले चालवत गेलो तेव्हा एक पोरगी दुसरीला म्हणाली, "आजोबांची सायकल बघ, वाजत पण न्हाय." मला फार बरं वाटलं.

भाऊबीजेला आक्का आली. आता सहासष्ट-सदुसष्टची आहे, गुडघे दुखतात. ओवाळून झालं, जेवणं झाली. ती ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. मी मुद्दाम सायकल काढली आणि अंगणातून एक गोल फेरी मारली. तिनं मान वर केली नाही. ऐकत होती.

"खटका कुटं गेला रं?" ती म्हणाली.

"कसला खटका?"

"चेनचा. फेऱ्याला एकदा वाजायचा त्यो."

"काढला. चेनव्हील वाकलं होतं. चाचांनी सरळ केलं."

अडकित्ता थांबला. मग म्हणाली, "मीच वाकवलं व्हतं त्ये."

मी सायकल भिंतीला लावली आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. ती सांगत गेली, जसं काही कालचंच आहे. उन्हाळ्यात आबा माळवदावर झोपायचे. चांदणं असलं की ती पहाटे उठायची. चेन वाजू नये म्हणून सायकल उचलून ओढ्यापर्यंत न्यायची आणि ओढ्याच्या पलीकडं तळ्याच्या कोरड्या पोटात चालवायची. नळीतून पाय घालून. दोन उन्हाळे. "म्हटलं, चांगली याया लागली की आबास्नी दावायची. बघितल्यावर न्हाय कसं म्हणत्यात. मग त्या दिशी धोंड्यावर पडले. गुडघा फुटला, त्याचं काय न्हाय. सायकल वाकली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुला दोन थपडा बसल्या न् मिटलं. माजं कळलं असतं तर पान्याला जायाचं बी बंद झालं असतं." सुपारीचं खांड तिनं तोंडात टाकलं. "तू रडत हुतास तवा मी चुलीम्होरं हुते. भाकरी थापीत हुते. उठले न्हाय."

मी म्हटलं, "बस की आता. मी धरतो मागून."

"गप. या गुडघ्यांनी? आन् मला वरनं बसायचं येतंय कुटं? मला नळीतनंच येतंय."

पण ती उठली. सायकलजवळ गेली, टायर अंगठ्यानं दाबून बघितला. डावा हात हँडलवर ठेवला, उजवा मधल्या नळीवर, सीटच्या पुढं, जिथला रंग गेलाय तिथं. आणि सायकल चालवत, म्हणजे हातानं ढकलत, फाटकातून बाहेर पडली. मी मागं मागं. रस्ता आता डांबरी आहे, दोनदा रुंद झालाय. ओढ्यावर पूल आहे. पुलापाशी ती थांबली आणि म्हणाली, "हितनं त्या वडापतूर आमची टोळी हुती. त्याच्याम्होरं वरच्या आळीची." मग डांबराच्या कडेला, जिथं साइडपट्टी खचून जुनी खडी उघडी पडलीय, तिथं तिनं चपलेनं दोन-तीन खडे उकरून बघितले. परत फिरताना सायकल तिनं माझ्या हातात दिली नाही.

दारात आल्यावर स्टँडवर लावली, उजवं पायडल हातानं एकदा मागं फिरवलं, कान देऊन ऐकलं.

"चेन कोरडी हाय," म्हणाली. "तेल घाल."